केसभर आधी

"मला येतं" असं वहिनींनी आयुष्यात कधी छातीठोकपणे म्हटलंच नव्हतं. स्वयंपाकाचं विचारलं तर "होतं आपलं पोटापुरतं", गाडी चालवण्याचं विचारलं तर "नेते बाई कशीबशी". बावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होत्या, गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होते, पण त्याचाही कधी गवगवा नाही. आणि अशा बाईनं रविवारी भर जेवणात, ताटातून मान वर न करता म्हटलं, "ड्रम मला येतात."

झालं होतं असं की धाकट्या दिराचा बँड होता, हौशी मंडळींचा. त्यांचा ड्रमर व्यवसायानं रंगारी. परवा तो शिडीवरून पडला आणि मनगट मोडून बसला. शनिवारी वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन, त्यात बँडचा कार्यक्रम, आणि ड्रम वाजवायला कोणी नाही. दीर ही रडकथा सांगत होता आणि मध्येच वहिनींचं हे वाक्य आलं.

नवऱ्याला ठसकाच लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अगं, तो व्हिडिओ गेम आहे. पोरीचा. प्लॅस्टिकचा."

"ड्रमच आहेत त्यात," वहिनी म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिचा तो गेम घरीच राहिला. चार रंगीत चकत्या, खाली एक पेडल, दोन काठ्या. टीव्हीवर एक रस्ता दिसतो, त्यावरून रंगीत ठिपके सरसर खाली येतात, आणि ठिपका रेषेवर आला की त्या रंगाच्या चकतीवर मारायचं. पोरीची आठवण येते म्हणून एका संध्याकाळी वहिनींनी काठ्या हातात घेतल्या त्या घेतल्याच. दोन वर्षं रोज, कामावरून आल्यावर पाऊण तास. सगळ्यात अवघड पातळीवर शंभरातले अठ्ठ्याण्णव ठोके बरोबर. पोरगी स्वतः त्याच्या निम्म्यापर्यंतही कधी पोचली नव्हती.

दिरानं डोकं खाजवलं. "वहिनी, तू चल तर खरी. मंडळी काय म्हणतात बघू."

बँडचा सराव चाले घड्याळवाल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत. काका बँडचे प्रमुख, कीबोर्ड वाजवायचे. भिंतीवर दुरुस्तीला आलेली दहा-बारा घड्याळं, पण सरावाआधी काका एकेक करून सगळी बंद करायचे, कारण त्यांची टिकटिक त्यांच्या कानाला टोचायची. गायला एक नर्स होती, बेसला दीर, आणि कोपऱ्यात गळ्यात हात अडकवून बसलेला रंगारी. दीर वहिनी म्हणतो म्हणून सगळ्यांच्याच त्या वहिनी.

वहिनी स्टुलावर बसल्या. खरे ड्रम त्यांनी एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितले. आनंद तर असा झाला की त्यांनी काठीनं एका झांजेला हळूच शिवून बघितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "यातलं लाल कुठलं?"

रंगारी जन्मभर रंगांत लोळलेला माणूस, पण त्यालाही काही उमगेना.

"म्हणजे ते, कडक आवाजाचं. डाव्या हाताचं."

"स्नेअर होय," रंगारी म्हणाला, आणि हसू दाबत त्यानं चांगल्या हातानं सगळी ओळख करून दिली. पिवळं म्हणजे ही झांजांची जोडी, निळं म्हणजे हा ड्रम, हिरवं म्हणजे ही मोठी झांज. पुढची चेष्टा टळली म्हणून दिराला हायसं वाटलं.

काकांनी गाणं सांगितलं. वहिनींच्या तोंडपाठ होतं, गेममध्ये शेकडो वेळा वाजवलेलं. त्या सरसावून बसल्या. काका बघत राहिले. नर्स बघत राहिली. दीर तारांवर बोट ठेवून बघत राहिला. असा कितीतरी वेळ गेला.

"करा ना सुरू," काका म्हणाले.

"तुम्ही कराल तेव्हा," वहिनी म्हणाल्या. "मी गाण्याची वाट बघतेय."

"अहो, गाणं तुमची वाट बघतंय. काठीवर चार तुम्ही मोजायचे असतात."

गेममध्ये ते चार आपोआप वाजायचे. वहिनींचे कान लाल झाले. पण त्यांनी काठीवर काठी मारली, एक दोन तीन चार, आणि घुसल्या.

आणि काय सांगू, पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांची बोलती बंद. उजवा हात एक करतोय, डावा दुसरंच, पाय तिसरंच, आणि बाई मजेत. रंगारी खुर्चीत पुढे सरकला. हातापायांची अशी फारकत करायला त्याला चार वर्षं लागली होती. दिराच्या चेहऱ्यावर तर 'बघा, आमच्या घरची' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

मग गाणं पळायला लागलं. आधी जरासं, मग चांगलंच. नर्स एका श्वासात दोन ओळी कोंबायला लागली, दिराची बोटं तारांवर घसरू लागली, काका कीबोर्डवर वाकून घामाघूम. शेवटी सगळे धापा टाकत कसेबसे एकत्र येऊन आदळले.

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पावणेचार मिनिटांचं गाणं आपण पावणेतीन मिनिटांत संपवलं. मागे कुत्रं लागलं होतं का?"

"मी तर बरोबर वाजवत होते," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

रंगारी म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्या केसभर आधी मारता. दर ठोक्याला. आम्ही तुम्हाला गाठायला धावतो, तोवर तुम्ही परत केसभर पुढे. आणि हो, जरा हलक्या हातानं मारा. नर्सबाईंचा आवाज ऐकूच येत नव्हता."

काकांनी खणातून एक काळी डबी काढून टेबलावर ठेवली. ताल वाजवणारं मशीन. "हे हलत नाही," ते म्हणाले. "खेळण्यावर शिकून ड्रम येत नसतात, वहिनी, राग मानू नका. बुधवारी संध्याकाळी एकदा ऐकतो. नाहीच जमलं तर शनिवारी हे लावू."

घरी येईपर्यंत दीर नुसतं हवापाण्याचं बोलत राहिला, आणि हेच वहिनींना जास्त लागलं. तोंडावर पडल्या होत्या बिचाऱ्या. उभ्या आयुष्यात एकदा "मला येतं" म्हटलं आणि त्यातही हसं झालं. डबीनं त्यांची जागा घ्यायची, म्हणजे पुन्हा कधी तोंड उघडायला नको. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी मुलीला फोन लावला आणि डोळे पुसत सगळं सांगितलं.

मुलगी मध्येच म्हणाली, "आई, एक मिनिट. मोठा टीव्ही घेतला ना आपण, त्यानंतर गेमचं सेटिंग केलंस?"

"कसलं सेटिंग?"

"अगं, नव्या टीव्हीवर सगळं किंचित उशिरा येतं. चित्र पण, आवाज पण. ते गेमला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तू बरोबर वेळेला मारलंस तरी गेम म्हणतो उशीर झाला."

वहिनी भिंतीला टेकल्या. त्यांना आठवलं. टीव्ही आल्यावर आठवडाभर त्यांचे ठोके फुकट जात होते. मग हळूहळू परत लागायला लागले. त्या जिंकत गेल्या आणि त्यांना वाटलं, हात बसला.

"म्हणजे मी..."

"म्हणजे तू दीड वर्ष चुकीच्या वेळेला एकदम अचूक वाजवतेयस," मुलगी म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

दुसरी कोणी असती तर कपाळावर हात मारून बसली असती. वहिनींचा चेहरा मात्र उजळला. कवळी केसभर उंच झाली तर माणसाला घास चावता येत नाही, पण म्हणून कोणी कवळी फेकून देत नाही. बघायचं कुठे टेकतंय आणि तेवढंच घासायचं. त्यांचं सगळं काम तेच होतं. आणि आता कुठे टेकतंय ते सापडलं होतं.

सोमवारी कामावरून आल्या, टीव्हीची पिन काढली आणि प्लॅस्टिकचे ड्रम नुसतेच मांडले. मग नवऱ्याला हाक मारली. "अहो, उठा. चाला."

"कुठे?"

"टेबलाभोवती. माझ्या ठोक्यावर पाऊल टाकायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंयच तुम्हाला."

नवरा दिवसभर खुर्चीत बसून फायली बघणारा, पोटानं सुखवस्तू. पहिल्या पाच मिनिटांत तो दुडक्या चालीनं पळायला लागला. "अगं, मला कुठली गाडी पकडायची आहे?" तो धापा टाकत म्हणाला. वहिनी थांबल्या. हीच ती चूक. त्याला पळावं लागलं की समजायचं, आपण पुढे गेलो. परत चार मोजले, परत सुरू. ठिपक्यांची वाट बघायची नाही, त्यांच्यावर झडप घालायची नाही. पाऊल पडतं तिथेच ठोका. खेळात गाणं त्यांना ओढत न्यायचं, इथे एका जाडजूड माणसाला त्या नेत होत्या, आणि त्याची जबाबदारी वाटत होती.

मंगळवारी त्यांनी नवऱ्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. "मोठ्यानं वाचत चाला." त्याचा शब्द ऐकू आला नाही की हात हलका करायचा. गेमला काय, हळू मारा की बदडा, सारखेच गुण. तो बातम्या वाचत, मध्येमध्ये संपादकांना शिव्या घालत फिरत होता आणि वहिनी त्याच्या आवाजाखालून वाजवत होत्या. चाळीस मिनिटं झाली तरी त्याला दम लागला नाही. तो थांबला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "दुसरं एखादं गाणं घे ना. याला पाय सरावले."

वहिनींना त्या क्षणी त्याचा मुकाच घ्यावासा वाटला, आणि त्यांनी घेतलासुद्धा.

बुधवारी काकांनी घड्याळं बंद केली. डबी टेबलावर तयारच होती. वहिनी स्टुलावर बसल्या आणि कोणाकडेही न बघता चार मोजले.

अंगावर काटा यावा असं काहीतरी झालं. बेसचा पहिला सूर आणि त्यांच्या पायाचा ठोका असे एकमेकांवर बसले की दोन आहेत हेच कळेना. दिरानं चमकून मान वर केली. वहिनींना हसू फुटलं. दोन वर्षांत त्यांना हे एकदाही मिळालं नव्हतं, दुसऱ्या माणसाबरोबर नेमकं एकाच क्षणी पडणं. अठ्ठ्याण्णव काय, शंभर पडले असते तरी मिळालं नसतं. गाणं आपल्या चालीनं चाललं होतं आणि त्या ते नेत होत्या.

दुसऱ्या कडव्याला नर्स गायला तोंड उघडून उभी राहिली आणि आवाजच नाही. बारा तासांची पाळी करून आली होती, शब्द पार पुसले गेले. काकांचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. सगळं आता कोसळणार हे स्पष्ट दिसत होतं.

वहिनी थांबल्या नाहीत. विचार करायला वेळच नव्हता. हात हलका केला, इतका की खोलीतला श्वास ऐकू यावा, आणि तोच ताल धरून ठेवला. दीर त्यांच्या मागे आला. चार फेऱ्या गेल्या. पाचव्या फेरीत काकांनी दबकत सूर लावला. वहिनींनी नर्सकडे बघून मान डोलावली, असू दे, सावकाश. ती डोळे मिटून ओठ हलवत होती. सातव्या फेरीला तिला ओळ सापडली. वहिनींनी निळ्यावरून हिरव्यावर एक छोटीशी उडी घेतली, ये आता, आणि ती आली. अशी मोकळी आली की खोली भरून गेली.

गाणं संपलं. नर्स पुढे आली आणि वहिनींच्या गळ्यातच पडली. काकांनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी डबी उचलली, खणात टाकली आणि घसा खाकरला. "खेळण्यावर शिकलात म्हणे," ते म्हणाले.

"अर्धं," वहिनी म्हणाल्या. "उरलेल्या अर्ध्याला मिस्टरांना चालवलं."

दीर पोट धरून हसायला लागला. रंगारी मात्र हसला नाही. तो गळ्यातल्या हातासकट उठला, ड्रमजवळ आला आणि बराच वेळ वहिनींच्या हातांकडे बघत राहिला.

"डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल," तो म्हणाला.

"हो का," वहिनी म्हणाल्या आणि स्टुलावरून उठू लागल्या.

"बसा हो," रंगारी म्हणाला. "तोवर स्टूल तुमचं. नंतरचं नंतर भांडू."

वहिनी परत बसल्या. "भांडू की," त्या म्हणाल्या. "मला येतं."