रताळीला किती दोर

"पप्पा, त्या माणसासारखे तुम्ही पण मरणार का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी विल्मा आणि जोनेलने पैज मारली होती, की गाड्यांच्या रांगेतून चालत जाऊन सगळ्यांदेखत हे विचारायची माझी छाती होणार नाही. झाली. मैदानातल्या पडद्यावर रोडिओचा, म्हणजे उधळ्या घोड्यांवर बसायच्या स्पर्धांचा सिनेमा होता. पाठीला पट्टा बांधलेला हीरो शेवटच्या घोड्यावरून पडून नुकताच गेला होता, त्याची बायको कुंपण धरून फार सुंदर रडत होती, आणि आमचं निम्मं गाव पिकअपच्या बोनेटवर बसून नाक ओढत होतं.

पप्पांनी पॉपकॉर्नचा बकाणा गिळला. "मी? अगं, त्या गड्याला धड बसता तरी येत होतं का? टाचा बघितल्यास त्याच्या? पार मागे. मी असा बसलो असतो तर माझ्या बापाने मला घरात घेतलं नसतं."

आजूबाजूचे हसले. हसणारे दिसले की पप्पांना राहवत नाही. "शनिवारी या की बघायला. नाव दिलंय मी. चिठ्ठीत रताळी घोडी आलीय वाट्याला."

शिट्ट्या पडल्या. कोणी तरी हॉर्न वाजवला. "रॉइस टॅकेट परत आला रे," असं मागून ओरडलंसुद्धा कोणी तरी. आई गाडीत बसून होती. पैज जिंकल्याची सोड्याची बाटली जोनेलने माझ्या हातात दिली, ती मी तिथेच मातीत ओतली.

मार्चमध्ये पप्पांच्या कमरेच्या हाडात खिळे घातले होते. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, पुन्हा पडलात तर खुर्ची, आणि तीही चाकांची. पप्पांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली होती. त्यानंतर महिनोन् महिने त्यांच्या पायात बूट मी चढवले. एका सिनेमाने ते सगळं पुसलं. त्या हीरोच्या पायात बूट कोण चढवतं, ते मात्र पडद्यावर कुठे दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांच्या ताटलीवरून मान वर न करता पप्पांनी विचारलं, "रेनी, रताळीला किती दोर?"

आमच्यात या प्रश्नाला खोटं उत्तर देत नाहीत. उधळ्या घोड्यावर बसणाऱ्याच्या हातात एकच जाड दोर असतो. खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला मूठ टेकवायची, अंगठा ताठ करायचा आणि तिथून माप काढायचं. दोर आखडता धरला तर घोडा मान खाली घालताना माणसाला डोक्यावरून ओढून नेतो, सैल धरला तर तोल धरायला काही उरत नाही. प्रत्येक घोड्याचं माप वेगळं. म्हणून त्या घोड्यावर आधी बसलेल्याला विचारायचं, आणि त्याने खरं सांगायचं, मग विचारणारा त्याचा हाडवैरी का असेना. इथली माणसं पत्त्यांत फसवतील, बायकोला फसवतील, पण दोराचं माप चुकीचं सांगणार नाहीत.

आणि मला सगळ्या घोड्यांची मापं पाठ आहेत. सगळा उन्हाळा पप्पांना गाडीतून गावोगाव मीच फिरवते, आणि ते गप्पा मारत असतात तेव्हा मी कुंपणावर बसून फक्त घोड्यांच्या माना बघते. आता तर लाइल हॅस्केटसारखा चषक जिंकणारा स्वारसुद्धा येऊन विचारतो, "पोरी, या काळ्याला किती?"

"मूठ, अंगठा आणि वर दोन बोटं," मी म्हणाले. माझंच तोंड, माझ्याच विरुद्ध.

"तीन," आई चुलीजवळून म्हणाली. "हल्ली मान फार खाली घालते ती."

मी उठलेच. पप्पा बाहेर गेल्यावर मी तिला म्हणाले, "तू त्यांना अडवत का नाहीस? सिनेमातली बाई निदान रडली तरी."

"रडून तो थांबला का तिचा?"

"म्हणून माप सांगायचं?"

"बसणारच आहे तो. मग नीट बसू दे." तिने तवा घासायला घेतला. तिचं लक्ष तव्यातच. मला तो तवा खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

शनिवारी पप्पा बसले, आणि काय बसले. रताळी घोडे सोडायच्या अरुंद खणातून सुटली ती छाती जमिनीला लावतच. पण पप्पांचे पाय पुढे, हात वर, टोपी जागच्या जागी. आईचं तिसरं बोट बरोबर निघालं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. टिकून राहायची आठ सेकंदं संपल्याचा भोंगा वाजला. उतरवून घेणारा स्वार आपला घोडा शेजारी घेऊन आला. आता पप्पांनी त्याच्या कमरेला मिठी मारून फक्त पाय पलीकडे टाकायचा होता. पाय हललाच नाही. कंबर तिथेच अडकली. दोन्ही घोड्यांच्या मधून ते पोत्यासारखे खाली गेले, आणि रताळीचा खूर त्यांच्या कानाशेजारी पडला.

लोक उभे राहिले. पप्पांनी पडल्या पडल्या टोपी हलवली. मग तर मैदान फुटायचंच बाकी होतं.

गाडीच्या मागच्या बाजूला, गादीवर आडवे पडून पप्पा पट्टी बांधणाऱ्याला सांगत होते, "डाव्या पायाचं काही नाही, येईल जीव त्यात. मार्चमध्ये नाही का आला होता?" आई त्यांचा बूट कापत होती आणि चक्क हसत होती. त्यांनी तिचा हात धरला. "आर्डिथ, तीन बोटं. तूच गं तूच." मग माझ्याकडे वळून, "रेनी, पुढच्या शनिवारी नदीपलीकडे तो पांढऱ्या तोंडाचा येणार म्हणे. त्याला किती दोर?"

मी उत्तर न देता खणांच्या मागे चालत गेले. सगळे स्वार तिथेच होते, खोगिरं आवळत.

"ऐका रे," मी म्हणाले. "माझ्या बापाला यापुढे कोणी कुठल्याही घोड्याचं माप सांगायचं नाही. जो सांगेल त्याला माझ्याकडून पुन्हा कधी माप मिळणार नाही."

"असं नसतं गं पोरी," लाइल म्हणाला. "दोराचं कोणी कोणापासून लपवत नाही. ही रीत आहे."

"रीत माझ्या बापाचे बूट चढवायला येते का?"

लाइलने टोपी काढली, आतल्या घामाकडे बघितलं, परत घातली. "त्या पांढऱ्या तोंडाच्याला किती?" त्याने हळूच विचारलं.

"तू गप्प बसलास तर सांगेन."

"बसलो."

बाकीचे एकमेकांकडे बघू लागले, मग एकेकाने मान डोलावली.

मी परत आले तेव्हा पप्पा तिसऱ्यांदा तीच पडण्याची गोष्ट सांगत होते आणि खूर आता कानाच्या आणखी जवळ आला होता. मी गाडीची मागची फळी धरून उभी राहिले.

"पप्पा, आई, दोघंही ऐका. यापुढे तुम्हाला एकाही घोड्याचं माप मी सांगणार नाही, आणि मागे जाऊन विचारलंत तर बाकीचे स्वारही सांगणार नाहीत. मी बजावून आलेय. आई, तुला तुझी तीन बोटं मोजायचीच असतील तर खुशाल मोज, पण मग गाडी तूच चालव आणि यांच्या पायात बूटही तूच चढव. मी चढवणार नाही."