आयव्हीने किती पाहिलं

आमच्या गल्लीत राहणाऱ्या आयव्ही स्टबिन्सचं लोकरीचं दुकान होतं. वय झाल्यावर तिने ते बंद केलं आणि खिडकीपाशी बसायला लागली. तिच्या शेजारी नोरा आणि तिचा नवरा विल्फ. आयव्ही आणि नोरा यांचं सख्य इतकं जुनं, की दोघींच्या भांडणात मध्ये पडायचं नाही असा गल्लीचा अलिखित नियमच होता.

मार्चमधल्या एका संध्याकाळी बसथांब्याजवळ कुणीतरी विल्फला मागून ढकललं, मनगटावरचं घड्याळ ओढून घेतलं आणि पळ काढला. विल्फचा खुबा मोडला. आरडाओरडा ऐकून आयव्हीने पडदा सारून बघितलं. कुंपणाआडून हिरवं जाकीट पळत होतं. तिने लगेच नोराला फोन केला आणि नाव सांगितलं: डेल ओडलिंग.

डेल गल्लीतलाच, विशीतला पोरगा. शाळेत असताना त्याने आयव्हीच्या दुकानाची काच फोडली होती. पुढेही त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं आठवत नाही.

जबाब घ्यायला आलेल्या पोलिसाने विचारलं, "म्हणजे तुम्ही नीट पाहिलंत?"

"हो तर," आयव्ही म्हणाली.

त्याने लिहिलं, 'मी त्याला काळजीपूर्वक निरखून पाहिलं.' वाक्य भारदस्त होतं. आयव्हीने सही केली.

शरद ऋतूत खटला उभा राहिला. दोघींना मीच माझ्या गाडीतून कोर्टात नेलं. डेलची वकील एक तरुण मुलगी होती, डोक्यावरचा वकिलाचा पांढऱ्या केसांचा टोप तिला जरा मोठाच होत होता. आवाज न चढवता तिने विचारलं, "मिसेस स्टबिन्स, पोलीस येण्याआधी तुम्ही मैत्रिणीला फोन केलात. तेव्हा नेमकं काय म्हणालात?"

"म्हटलं, ओरडा ऐकला आणि गँडर घेतला."

आमच्याकडे असंच म्हणतात. गँडर म्हणजे नर हंस. त्याच्यासारखी मान लांब करून बघायचं, एवढाच अर्थ. न्यायाधीश दक्षिणेकडचे, आमची बोली त्यांना नवी. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "म्हणजे नुसती नजर टाकलीत, की निरखून पाहिलंत?"

"तसं दोन्हीलाही म्हणतात, साहेब. गिऱ्हाईक लोकरीचे गुंडे तासभर उलटसुलट करायचं, तोही गँडर. आणि शेजारणीच्या पिशवीत जाता जाता डोकावलं, तर तोही गँडरच."

लोक हसले. आयव्हीही हसली.

"मग त्या संध्याकाळचा यातला कुठला?" न्यायाधीशांनी विचारलं.

आयव्ही उत्तर द्यायला गेली आणि थांबली. कठड्यावरचे तिचे हात मला मागून दिसत होते. तिने डोळे मिटले. नंतर तिने मला सांगितलं, की मिटल्या डोळ्यांपुढे तिला हिरवी पाठ दिसली, पळणारे पाय दिसले, आणि त्यावर चेहरा दिसला तो काच फोडल्यावर उभ्या असलेल्या शाळकरी पोराचा.

"दुसरा," ती म्हणाली. "जाता जाता डोकावल्यासारखा."

"आणि चेहरा?" वकील मुलीने हळूच विचारलं.

"चेहरा मी नंतर बसवला असेन, पोरी. पाठच पाहिली मी."

डेल सुटला.

परतताना नोरा माझ्या शेजारी पुढे बसली होती, आयव्ही मागे. गाव दिसायला लागल्यावर मागे न वळता ती म्हणाली, "हंस काय, लोकर काय! माझा माणूस काठी धरून चालतोय, आणि तुला तिथे शब्द निवडायचे सुचले."



दुसऱ्या दिवशी डेलची आई केक घेऊन आयव्हीच्या दारात उभी राहिली. आयव्हीने डबा हातात घेतला नाही. "तुझ्या पोराने काही केलं नाही, असं मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही, एवढंच म्हटलंय. घेऊन जा हा." ती बाई रडत गेली. पुढे डेल ग्रिम्सबी बंदरात मासेमारीच्या बोटीवर कामाला लागला. विल्फला कुणी पाडलं ते कधीच कळलं नाही.

गल्लीत बऱ्याच जणांनी आयव्हीशी बोलणं टाकलं. विल्फ मात्र काठी टेकत तिच्याकडे यायचा. "ज्याला पाडलं त्यालाच दिसलं नाही," तो म्हणायचा, "तर तुला बापडीला काय दिसणार?" नोराला ते ठाऊक होतं. ती त्याला अडवत नव्हती, पण स्वतःही येत नव्हती.

नाताळच्या आधी चर्चच्या जत्रेत दोघी एकाच टेबलामागे आल्या. नोरा चहा ओतत होती. मी शेजारीच कप पुसत होतो. किटलीवरून नजर न काढता तिने विचारलं, "आता इथे कोर्ट नाही. तोच होता ना?"

"माहीत नाही गं, नोरा."

"तुझ्या मनात काय आहे ते सांग."

"मनात तोच आहे," आयव्ही म्हणाली. "पहिल्यापासून तोच होता. म्हणून तर बघायची गरज वाटली नाही मला."

नोरा किटली धरून तशीच उभी राहिली. मग तिने एक कप भरला आणि आयव्हीपुढे सरकवला. आयव्हीला दोन चमचे साखर लागते, हे नोराइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. साखर तिने घातली नाही. आयव्ही तो चहा तसाच प्यायली, आणि दोघी मिळून रांगेतल्या लोकांना कप द्यायला लागल्या.