केक गप्प होईपर्यंत

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक केक परत आला.

आणला तो कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी. खोका दोन्ही हातांत धरून त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात.

"वहिनी, रागावू नका. दुसऱ्या कुणाकडचा असता तर गुपचूप खाऊन टाकला असता. पण तुमच्या हातून असं कधी होत नाही, म्हणून आणला."

वहिनींनी तिथेच झाकण उघडलं. एक तुकडा कापलेला होता. कडा नीट भाजलेल्या, वरचा रंग जसा हवा तसा, आणि बरोबर मध्ये लिंबाएवढ्या जागेत ओलं पीठ. त्यांनी बोट लावून पाहिलं. बोटाला चिकटलं.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी. घरच्या ओव्हनमध्ये केक करून विकायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. वर्षभर वाढदिवसांचे केक असत. सणाच्या तीन आठवड्यांत मात्र स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरत नसे. लोण्याची बिस्किटं, लिंबाचे टार्ट आणि मुख्य म्हणजे सुक्या मेव्याचा केक. त्यातला मेवा महिनाभर आधीपासून संत्र्याच्या रसात मुरत पडलेला असे. यंदा असे अठ्ठेचाळीस केक सांगून ठेवलेले होते. बावीस गेले होते, सव्वीस रविवारपर्यंत जायचे होते.

त्या संध्याकाळी वहिनींनी आधीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. तेरा जणांनी सणासाठी राखून खोका उघडलाच नव्हता. आठ जणांनी उघडला होता. त्यांतले पाच म्हणाले, उत्तम. दोघं जरा घुटमळले, मग म्हणाले, "मध्ये किंचित... पण चालतंय हो, वहिनी." आठवी बाई एकदम खूश होती. "यंदा मध्ये मऊ मऊ ठेवलाय ना? नवीन प्रकार वाटतं?"

वहिनींनी फोन ठेवला आणि तिघांची नावं तारखांशी ताडून पाहिली. कच्चे निघालेले सगळे केक शेवटच्या सहा दिवसांतले होते. पहिल्या दहा दिवसांतला एकही नव्हता.

जेवताना हाच विषय निघाला. घरात माणसं चार. वहिनी, नवरा, सासूबाई आणि चौदा वर्षांची लेक. बरणीतले अक्रोड सतत कमी होतात म्हणून लेकीला घरात सगळे खार म्हणत.

"पीठ बदललंस का?" नवऱ्याने विचारलं. तो पाण्याचे मीटर तपासायच्या नोकरीत होता. कुठलीही तक्रार आली की आधी काय बदललं ते विचारायची त्याला सवयच होती.

"तेच पीठ. तेच लोणी. अंडीही त्याच बाईकडची."

"मग ओव्हन म्हातारा झाला."

"घरात म्हातारं म्हणून नाव घ्यायला ओव्हनच सापडला का तुला?" सासूबाई म्हणाल्या. परत आलेल्या केकचा दुसरा तुकडा त्यांच्या ताटलीत होता. "मला तर हा असाच आवडला. दातांना काम नाही."

"आजी, तुला दात आहेत कुठे?" खार म्हणाली.

"म्हणूनच तर म्हणते."

बुधवारी सकाळी साडेदहाला ओव्हनवाला आला. त्याने मागचं झाकण उघडलं, तारा पाहिल्या, रबर पाहिलं, आत स्वतःचं तापमापक ठेवून चाळीस मिनिटं समोर बसून राहिला. तेवढ्यात टार्टही दोन खाल्ले. "दोन अंशांचा फरक आहे. एवढ्याने काही होत नाही. वहिनी, ओव्हन ठणठणीत आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय."

हे वाक्य वहिनींच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही. त्यांना राग आला नाही. आपलं काय चुकत असेल, हे मात्र त्यांना कळून घ्यायचं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला एक धागा सापडला. फ्रिजच्या दारावर वहिनी एक कागद चिकटवून ठेवत. केक आत कधी गेला, बाहेर कधी आला, एवढंच त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असे. नवरा पाण्याची बाटली काढायला गेला आणि बाटली हातात धरून तिथेच थांबला.

"अगं, इकडे ये. पहिले केक पावणेतीन तास आत होते. गेल्या बुधवारचे अडीच. शनिवारचे दोन-वीस. कालचे दोन-दहा. तू रोज लवकर काढते आहेस."

"मी लवकर काढत नाही. तो झाला की काढते."

"आणि झाला हे कशावरून?"

"गप्प झाला की."

नवऱ्याला हे ठाऊक होतं, पण आज त्याने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं. लग्नाआधी वहिनी एका बेकरीत कामाला होत्या. तिथल्या म्हाताऱ्या मुख्य कारागिराने त्यांना हे शिकवलं होतं. मेव्याचा केक आत ओला असतो तोवर बोलतो. गरम साचा हातांत धरून कानाशी न्या, आतून बारीक चरचर ऐकू येते, तापल्या तव्यावर मीठ सांडावं तशी. ती विरत विरत एखादाच टिक असा आवाज उरला की केक झाला. सळई खुपसून उपयोग नाही, मनुक्यात घुसली तर पूर्ण भाजलेला केकही कच्चा दाखवते. घड्याळही कामाचं नाही, कारण मेव्याने रस किती प्यायला ते दर खेपेला वेगळं. एकोणीस वर्षं वहिनींनी प्रत्येक साचा उजव्या कानापाशी आणला होता, आणि एकोणीस वर्षं त्यांचं चुकलं नव्हतं.

"म्हणजे केक लवकर गप्प होतोय," नवरा म्हणाला.

"आणि कच्चाही राहतोय," वहिनी म्हणाल्या. "हे दोन्ही एकदम कसं होईल?"

नवरा कागदावरच्या वेळांवरून पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेला. फ्रिजचं दार उघडंच होतं.

उत्तर गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मिळालं. खार शाळेतून आली होती आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून अक्रोड फोडत होती. चार फोडले की एक तोंडात, हा तिचा हिशोब. वहिनींनी हातमोजे घातले, साचा बाहेर काढला, कानाशी नेला, श्वास रोखून ऐकलं आणि ओट्यावर ठेवला.

"झाला?" खारीने विचारलं.

"झाला."

"मग हा एवढा कुरकुरतोय कशाला?"

"कोण?"

"केक. आई, इथे बसून ऐकू येतंय मला."

"काहीतरीच. एकदम शांत आहे."

खारीने स्टुलावरून उतरून केकवर कान धरला. "चक्क तळण चाललंय आत. तू ऐक ना."

वहिनींनी साचा पुन्हा उचलला. उजवा कान. काहीच नाही. मग, का ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही, त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली.

केक बडबडत होता. भरभरून, न थांबता, दोन तासांच्या केकने जसं बोलावं तसं.

त्यांनी साचा मुकाट ओव्हनमध्ये परत सरकवला. पहिली दहा मिनिटं त्यांना भीती वाटली नाही. हा काय प्रकार आहे ते बघायचं होतं. डाव्या कानात कापूस घालून त्यांनी खारीला मागे उभं केलं. चमचा कपावर वाजला तो ऐकू आला. नळाचं पाणी ऐकू आलं, पण पलीकडच्या घरातलं वाटावं तसं. साच्याला लावायचा कागद खारीने उजव्या कानाशी चुरगाळला.

"चुरगाळ की."

"चुरगाळतेय, आई. कधीची चुरगाळतेय."

मग मात्र वहिनी स्टुलावर बसल्या. वीस केक बाकी होते, पण तो विचार नंतरचा. हात भाजला असता, डोळ्यांना चष्मा लागला असता, तर त्यांनी निभावून नेलं असतं. ज्याच्यावर सगळी भिस्त तो एकच कान होता, आणि तो कधी गेला ते त्यांना कळलंही नव्हतं.

"बाबांना इतक्यात सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

वहिनींनी हातमोजे पुन्हा चढवले.

खारीने सांगितलं नाही. पण जेवताना ती आईच्या उजव्या बाजूला बसली आणि दर दोन घासांनी हळूच काहीतरी कुजबुजून आईकडे टक लावून बघू लागली. तिसऱ्या वेळी नवऱ्याने पोळी खाली ठेवली. "काय चाललंय?"

वहिनींनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर आधी बोलल्या त्या सासूबाई.

"म्हणजे तुला खरंच ऐकू येत नव्हतं?"

"हो, आई."

"दहा-बारा दिवस झाले, मी काही बोलले की तू 'काय?' म्हणतेस. मला वाटलं, मला कमी ऐकू येतं म्हणून माझी नक्कल करतेस." सासूबाईंनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "मी तुझ्याशी अबोला धरला होता आठ दिवस. तुला तेही कळलं नाही?"

"मला वाटलं, तुमची तब्येत बरी नाही."

नवरा आधी हसला, मग खार. वहिनी हसल्या, पण डोळे पुसून. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं," नवरा म्हणाला. "मी रजा टाकतो."

"उद्या सहा केक आहेत."

"ते डाव्या कानाने कर."

म्हणायला हे सोपं होतं. डावा कान कधी या कामाला लावलाच नव्हता. त्याचं गप्प आणि उजव्याचं गप्प सारखंच असतं का, ते वहिनींना माहीत नव्हतं. म्हणून शुक्रवारी पहाटे त्यांनी एक जादा केक लावला, डाव्या कानाला तो शांत वाटेपर्यंत थांबल्या आणि गार होऊ न देताच मधोमध कापला. आत कच्चा ठिपकाही नव्हता. उलट किंचित कोरडा होता. डावा कान पाचेक मिनिटं जास्तच ऐकत होता. खार म्हणाली, तो तुझ्यापेक्षा काळजीखोर दिसतो.

अकरा वाजता डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. थोडा मळ निघाला. तो काढल्यावर वहिनींनी घाईने कागद मागून घेतला आणि कानाशी चुरगाळला. फरक पडला नव्हता. मग डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा दोन दातांचा नादकाटा वाजवला, कपाळावर टेकवला आणि आवाज कुठे येतो ते विचारलं.

"डावीकडे," वहिनी म्हणाल्या. "असं का होतं?"

"कान आतून दमला असेल तर होतं. अचानक गेलं की हळूहळू?"

वहिनींनी पर्समधून फ्रिजवरचा कागद काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. पेशंटचं ऐकणं कसं कमी होत गेलं, याची मिनिटामिनिटाची नोंद त्यांना आजवर कुणी आणून दिली नव्हती.

"हा ठेवून घेऊ का?"

"नको. फोटो काढा. मला लागतो."

"परत येईल का ऐकू?" नवऱ्याने विचारलं.

"काहींना येतं. उशीर झाला आहे, पण फार नाही. औषध आजच सुरू करू. दोन्ही कानांची चाचणी झाल्याशिवाय जास्त सांगत नाही."

"दोन्ही कशाला?" वहिनींनी विचारलं. "डावा चांगला आहे."

"तेच बघायचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सहा केक निघाले, शनिवारी आठ, रविवारी सहा. प्रत्येक साचा वहिनींनी डाव्या कानाशी धरला, मग खारीपुढे केला. दोघींचं सतरा वेळा जमलं, तीनदा नाही. त्या तीन वेळा कुणाचं बरोबर होतं, हे केक न कापता कळायला मार्ग नव्हता. ते तिन्ही केक दोघींच्या मधल्या वेळेला काढून खोक्यांत भरले गेले.

सोमवारी सकाळी सव्वानऊला दवाखान्यातून फोन आला. चाचणी गुरुवारी, साडेदहा वाजता. तोवर गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि डाव्या कानाला काही वेगळं जाणवलं तर लगेच कळवायचं.