लालसूच्या नावाने येणारे मेल

भामरागडचा लालसू जाऊन वर्ष उलटलं, तरी ज्योत्स्नाबाईंच्या रानभाज्यांच्या ईमेल गटावर त्याचे मेल येतच होते. कधी वजन कमी करायच्या गोळ्या, कधी परदेशातली लॉटरी. कुणा चोराच्या हाती त्याचा पासवर्ड लागला होता आणि तो लालसूच्या नावाने साऱ्या गटाला हा कचरा पाठवत होता.

माजरीहून गटातल्या श्रीहरीभाऊंचा फोन आला. "बाई, जित्ता होता तवा दोन ओळी लिवाले आळस करे. आता पाहा, रोज गोळ्या विकून राह्यला!" ते हसले, मग आवाज उतरला. "काढा नं त्याले. लोक कंटाळून गट सोडून चालले."

काढायला एक बोट पुरे होतं. पण गटाचा नियम लालसूनेच घालून दिला होता. गावसभेत एकाने जरी 'थांबा' म्हटलं तरी निर्णय थांबतो, तसंच इथेही. कुणाला काढायचं तर सगळ्यांची सहमती हवी. बाकी साऱ्यांनी हो म्हणून कळवलं होतं. थांबा म्हणणाऱ्या एकट्या ज्योत्स्नाबाई होत्या.

का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर गडचिरोलीच्या घरात त्या आणि हा गट, एवढंच उरलं होतं. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटायचा, लालसूचा पत्ता नसायचा. आणि पूर ओसरला की एखाद्या सकाळी त्याचं नाव ठळक अक्षरांत समोर यायचं. 'जित्ता हाय, बाई. बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, खाऊन राह्यलो.'

आता मेल उघडला की आत गोळ्याच असत. पण उघडण्याआधीच्या एका श्वासापुरता पूर ओसरल्यासारखा वाटे. तेवढ्यासाठी त्या गट रिकामा होताना पाहत होत्या.

मग चोराने चाल बदलली. 'मी मोठ्या अडचणीत आहे, लवकर उत्तर द्या.' त्याच दुपारी लालसूच्या लेकीचा फोन आला. दुर्गा नागपुरात नर्सिंग शिकत होती. बापामागे तीही गटात आली होती.

"बाई, बाबा अडचणीत हाये म्हणते."

"बेटा, तो बाबा नाही गं."

"मालूम हाये मले. मीच त उशाशी होती त्याच्या. तरी बी मी उत्तर लिवलं, बाई. 'बाबा, कुठी हायेस?' म्हून."

ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुर्गाच पुढे बोलली.

"काऊन ठेवलं त्याले? आमी गावात त्याच्या नावाचा दगड उभा केला. ढोल वाजवले, सारा गाव जेवला. मायनं रडणं बंद केलं. अन् तुमच्या इथी तो अजून भटकून राह्यला."

फोन ठेवून बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. गटाला एकच ओळ लिहिली: 'माझीही सहमती आहे.' मग यादीतल्या लालसूच्या नावापुढचं 'काढा' दाबलं.

यंत्राने काही विचारलं नाही. नाव लगेच गेलं. बाई मात्र तशाच बसून राहिल्या, अजून कुणीतरी 'थांबा' म्हणेल म्हणून.