प्रतीकात्मक ताबा

लिलावात विकत घेतलेल्या घरी पहिल्यांदा जाताना शिव्या खाण्याची तयारी ठेवावी, असे बँकेच्या अधिकाऱ्याने मला सौजन्याने सुचवले होते. त्या घराचा 'प्रतीकात्मक ताबा' बँकेकडे होता. म्हणजे घर बँकेचे होते; आत माणसे राहत होती, एवढेच. आयुष्यभर अलंकारशास्त्र शिकवूनही इतके निर्लज्ज रूपक माझ्या वाचनात आले नव्हते.

निवृत्तीनंतर हाती आलेली सगळी रक्कम मी अनामत म्हणून भरून बसलो होतो. उरलेल्या पैशांसाठी दुसऱ्या एका बँकेचे कर्ज हवे होते. घर तारण ठेवायचे, तर त्या बँकेच्या व्हॅल्युअरने, म्हणजे किंमत ठरवणाऱ्याने, ते आतून पाहून अहवाल देणे आवश्यक होते. कर्ज मुदतीत मिळाले नाही, तर अनामत जप्त होणार होती.

म्हणून व्हॅल्युअर शिवशंकर याला घेऊन मी मांजरसुंब्याला पोचलो. घर विजयसिंहांचे, म्हणजे माजी सभापतींचे. हॉटेलसाठी काढलेले कर्ज बुडाले आणि हॉटेलच्या मागचे घर लिलावात निघाले.

विजयसिंह फाटकातच उभे होते. "या सर, या! तुमचीच वाट बगत हुतो. अगं, च्या टाक."

शिवशंकरने टेप काढला, तर त्याचे दुसरे टोक स्वतः सभापतींनी धरले.

"वरली खोली बी मोजा. गळती हाय तिथं, ते तेवढं लिवू नका. आन् जामीनदार लागत आसंल तर माझा मेव्हणा हाय, सर. पक्की नोकरी हाय त्याला."

शिवशंकर माझ्या कानाशी कुजबुजला, "सर, घर गेलेला माणूस टेप धरतोय, हे पयल्यांदाच बगायलोय. तुमी काय जादू केली?"

मला काहीच समजेना. या जिल्ह्यात बांधाच्या वीतभर मातीसाठी डोकी फुटतात. इथे माणूस बेघर होण्याच्या कामी मदत करत होता. विजयसिंहांच्या पत्नी विमलबाई पोह्यांवर दुसऱ्यांदा शेव घालत म्हणाल्या, "हप्ता किती बसंल सर? म्हंजे दर म्हैन्याला तुमच्याकडं पोच करायला बरं."

"कसला हप्ता?"

दोघेही कौतुकाने हसले. "सर लई पक्के हायेत," विजयसिंह म्हणाले.

तेव्हा उलगडा होऊ लागला. मोठ्या माणसाचे घर लिलावात निघाले, की पगारदार किंवा पेन्शनदार, अब्रूदार, शक्यतो बाहेरचा असा एखादा माणूस नावापुरता बोली लावतो, नावापुरते कर्ज काढतो. मूळ मालक हप्ते फेडत तिथेच राहतो. याला इथे 'घर सोडवणे' म्हणतात, आणि अशा बोलीच्या आड गावातले कोणी येत नाही. माझ्याविरुद्ध एकही बोली लागली नाही, याचे श्रेय मी स्वतःच्या धूर्तपणाला देत होतो. हा लिलाव मला सुचवून व्यवहार जुळवणाऱ्या दलाल धुळाजीने मला घर विकले होते आणि विजयसिंहांना विकले होते मला.

"गैरसमज होतो आहे," मी म्हणालो. "हे घर मी स्वतः राहण्यासाठी घेतले आहे."

विजयसिंहांनी व्हॅल्युअरकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "बराबर. बँकेच्या माणसासमोर आसंच बोलाया पायजे."

"मी खरे सांगतो आहे!"

"आवाज बी आसाच पायजे!"

माझे शब्द जितके निःसंदिग्ध, तितका माझा अभिनय उत्तम ठरत होता. आता आतल्या एका खोलीचे फोटो तेवढे उरले होते. ते होईपर्यंत गप्प राहणे कायद्याने निर्दोष होते. तरीही मी विमलबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेलो.

"विमलबाई, कर्ज झाले की तुम्हाला हे घर सोडावे लागेल. मी कुणासाठीही नाटक करत नाही."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग गॅस बंद केला. "ह्यांला सांगितलं?"

"ऐकत नाहीत."

"मग मला कावून सांगितलं? फोटू निघूस्तोवर गप बसायचं हुतं."

त्या बाहेर गेल्या, आतल्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. "फोटू न्हाई काढायचा. उठा."

"आगं, येडी का काय तू? सर नाटक करायलेत!"

"सर खरं बोलायलेत. तुमालाच ऐकू येईना."

शिवशंकरने अहवालात 'प्रवेश नाकारला' असे लिहिले. आम्ही गाडीत बसलो, तोच विजयसिंह धावत आले आणि खिडकीच्या काचेवर हात टेकून ओशाळे हसले.

"सर, राग मानू नका. बायकांला ह्यातलं काय कळतंय? शनवारी ती माहेराला, तलवाड्याला चाललीय. किल्ली माज्याकडं आसंल. तवा या."

शिवशंकर पेन उघडे ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "पुढच्या भेटीला शनिवार लिवू का, सर?"

शनिवारीही मी खरेच बोलणार होतो; तितक्याच स्पष्ट शब्दांत, विजयसिंहांच्या समोर, व्हॅल्युअरच्या साक्षीने.

"लिहा," मी म्हणालो.