जिभेच्या कडेचा डाग

“मी कार्ड बनवाले आली, तोंड दाखवाले नाही,” भीमाबाई नर्सवर खेकसल्या.

विहाराच्या सभागृहात सत्तरीपुढच्यांचं शिबिर होतं. एका टेबलावर आयुष्मान कार्ड, शेजारी तपासणी. भीमाबाईंनी उभा जन्म गोल बाजारात बांगड्या विकल्या होत्या. त्यांची आरोळी ऐकून बायका गल्ली बदलून येत. अशा बाईला काय धाड भरणार?

“आजी, गुडाखू घासता न?” नर्स सोनियानं विचारलं.

“मंग? सारा पारा घासते, अख्खा मोहल्ला.” तंबाखू-गुळाचं ते काळं मिश्रण दातांना लावल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे.

“एकदा आ करा.”

बॅटरीच्या उजेडात जिभेच्या कडेला पांढरा डाग दिसला. दुखत नव्हता, म्हणूनच कुणाला कळला नव्हता. मोठ्या दवाखान्यात डागाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “कड कापू. जीव नक्की वाचेल, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही.”

घरी मुलगा यशदीप म्हणाला, “आई, कार्ड में सब हो जाएगा, तू टेंशन मत ले.”

“पैशाचं नाही रे पोट्ट्या. बोललीच नाही तं मी राहीन कोन?”

दुसऱ्या दिवशी भीमाबाईंनी स्वतःच गुडाखूची डबी नालीत फेकली आणि यशदीपच्या स्कूटरवर जाऊन बसल्या. “चाल. जिभेपायी जीव नाही देत मी.”

ऑपरेशन नीट झालं. जेवण हळूहळू जमू लागलं, शब्द मात्र वाकडे पडू लागले. बांगड्यांच्या दुकानात आता सून साक्षी हाका मारी. भीमाबाई गिऱ्हाइकाचा हात धरून बांगडी तेवढी चढवत.

एका दुपारी शेजारच्या अंजनाबाई भेटायला आल्या. “कसं झालं वं तुह्यं हे,” म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या दातांच्या फटी गुडाखूनं काळ्या झाल्या होत्या. भीमाबाई पाहतच राहिल्या. मग वाकड्या शब्दांत म्हणाल्या, “तू बी तपाशून घे.”

“काय म्हणून राहिली?”

दाराशी खेळणारी एक पोट्टी फिसकन हसली. भीमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, सावकाश, एकेक अक्षर जुळवत.

अंजनाबाई उठल्या आणि चपला शोधू लागल्या. “चाल मंग दवाखान्यात. पण तू संग ये.”