माझ्या पडद्याची उजवी बाजू

मित्रांनो, आता माझी बटणं अडकतात, काचेवर धूळ बसते. पण शहाण्णव साली पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये मी नवाकोरा आलो, तेव्हा शेठनी पेढे वाटले होते. मला कोणी दिला नाही, तक्रार नाही.

मी कंपन मोजणारं यंत्र. थरथरत्या मशीनला माझी तार लावली की सेकंदाला शंभर वेळा मी तिची थरथर टिपतो. त्या कल्लोळातून प्रत्येक वेगाची थरथर निराळी काढून पडद्यावर तिची उभी रेघ दाखवतो. थरथर मोठी, तर रेघ उंच.

दसरा झाला आणि कापड वाळवणाऱ्या मशीनचा पंखा हादरू लागला. मी दोन उंच रेघा दाखवल्या: डावीकडे चोविसावर एक, उजवीकडे शहात्तरावर एक.

सुपरवायझर योगराज मला नवसाला पावणारा देव समजत. ते म्हणाले, "चोवीस हे पंख्याचे सेकंदाचे फेरे. मग शहात्तर? ही भिकनने बसवलेली मोटरच!"

गोडादऱ्याचा फिटर भिकन कळवळला. "योगराजभाऊ, मना हातनं काम शे. तठे खोट नही."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

शेठ म्हणाले, "भिकन, कल से मत आना."

भिकन पाने-पकड पिशवीत भरू लागला. मला रेघा काढता येतात, बोलता येत नाही.

तेवढ्यात नव्या इंजिनिअर नूतनताई आल्या. पडदा पाहून म्हणाल्या, "भिकनकाका, थांबा. योगराजभाऊ, साडी मधोमध दुमडली की काठावर काठ येतो ना? तसंच हे. सेकंदाला शंभर वेळा मोजतं, म्हणून पन्नासापर्यंतच वाचायचं. पुढचं सगळं डाव्या बाजूचं उलटं प्रतिबिंब. शहात्तर ही चोविसाचीच सावली. मोटरचा यात काही संबंध नाही. खोट पंख्यातच शोधा."

"म्हणजे देव अर्धाच खरा?"

"देव पुरा खरा. दर्शन अर्ध्याचंच घ्यायचं."

पंखा बंद करून उघडला. त्याच्या पुलीला एका अंगाने तारेने बांधलेला दसऱ्याचा नारळ, त्यावर कापडाच्या तुसांचा थर! एका बाजूला भार, म्हणून पंखा हादरत होता.

"हे कुणी बांधलं रे?" योगराज गरजले. सगळे छताकडे पाहू लागले.

"पूजा तो करनी पडती है," शेठ पुटपुटले आणि स्वतःच तार सोडू लागले. तार सुटेना. शेवटी मान न वळवता म्हणाले, "भिकन, पकड निकाल."

भिकनने पिशवी उघडली.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, तार जपत जा. पण त्याआधी मला वाचायला शिका. सावलीकडे बोट दाखवून कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.